माझ्या मापाचा

बिलोलीत स्वेटर लागतो तरी किती? दिवाळी उलटली की पहाटे जरा गारवा सुटतो, मार्गशीर्षात दारापुढे शेकोट्या दिसू लागतात आणि तूर कापणीला आली की आठ-पंधरा दिवस खरी थंडी पडते. पारा १०-१२ अंशांवर. तीही सकाळी नऊ-दहापर्यंत. पोरं घरून स्वेटर घालून शाळेला निघतात आणि मधल्या सुट्टीत तोच स्वेटर गुंडाळून क्रिकेटचा स्टंप होतो. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच ऊन तापायला लागतं. मे महिन्यात याच गावात पारा ४२ च्या वर जातो. अशा ठिकाणी, सुयांपासून आयुष्यभर चार हात लांब राहिलेल्या बाईने पन्नाशी उलटल्यावर अंगभर स्वेटर विणायचं ठरवलं आहे. ‘बाजारात मिळत नाहीत का?’ असं ह्यांनी विचारलं. मिळतात की. नांदेडला हिवाळ्याच्या तोंडावर तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. १९५९ नंतर देश सोडून आलेल्या या लोकांनी हा धंदा चांगला बसवला आहे. लुधियानाहून माल उचलायचा, दोन-तीन महिने परक्या गावात राहून विकायचा आणि थंडी सरली की आपल्या वसाहतीत परतायचं. त्यांच्याकडे तयार स्वेटर जेवढ्याला मिळतो, जवळजवळ तेवढ्याची माझी नुसती लोकर झाली. मजुरी मोजायचीच नाही.

या हिशेबात हातविणीचा स्वेटर केव्हाच हरला आहे. १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचं यंत्र काढलं. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट दिलं नाही. गोरगरीब विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, असं ती म्हणाली म्हणे. बिचारा ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र राहिलं. लुधियानातल्या आजच्या होजिअरी गिरण्या त्याच्याच वंशातल्या.

थंडीच भागवायची तर आमच्या भागाकडे स्वतःचं जुनं उत्तरही आहे. घोंगडी. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची काळी-करडी लोकर, ती बायकांनी चरख्यावर कातायची, मग चिंचोक्याची खळ लावून खड्ड्यातल्या मागावर पुरुषांनी विणायची. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांच्या गर्दीत घोंगड्याही विकायला येतात. वडिलांकडे एक होती. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची, शेतात अंथरायची, पाहुणा आला की त्याला द्यायची. लग्नाच्या वयाच्या मुलापासून पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यापर्यंत एकच घोंगडी सगळ्यांना चालते, कारण तिला मापच नसतं. स्वेटरला मात्र आधी माणूस लागतो. कुणाचा स्वेटर, हे ठरल्याशिवाय पहिला टाकाही घालता येत नाही. माझं घोडं अडलं होतं ते नेमकं इथं.

आमच्या लहानपणी प्रत्येक स्वेटरला नाव असायचं. दादाचा, काकांचा, होणाऱ्या बाळाचा, जावईबापूंचा. विणणारीच्या नावाचा स्वेटर मी पाहिला नाही. माझ्या हैदराबादच्या आत्याने निदान पन्नासेक विणले असतील. निजामाच्या काळात आमच्याकडची शिकणारी घरं मुलांना हैदराबादला धाडत आणि एखाद्या हौशी घरातली मुलगीही त्या ओढीनं जायची. आत्या तशी गेली, तिथल्या शाळेत इंग्रजी आणि विणकाम शिकली. इंग्रजी लग्नानंतर गंजलं, विणकाम जन्मभर पुरलं. उन्हाळ्यात ती बिलोलीला यायची तेव्हा बाहेर रखरखीत ऊन आणि ओसरीत आत्याच्या मांडीवर लोकर. हिवाळ्यात कामाला यावा म्हणून स्वेटर उन्हाळ्यातच विणायला घ्यावा लागतो, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटायचं. घामाने लोकर हाताला चिकटू नये म्हणून ती हातांना पावडर लावायची.

आईचा विणकामाशी संबंध आला तो १९६२ साली. चीनशी युद्ध पेटलं, हिमालयात लढणाऱ्या आपल्या जवानांकडे धड गरम कपडे नव्हते, आणि देशभरातल्या बायका सुया घेऊन बसल्या. आई तेव्हा शाळकरी होती. तिच्या वाट्याला मफलर आला. जन्मात बर्फ न पाहिलेल्या मुलीने बर्फातल्या माणसासाठी विणलेला तो मफलर कुणाच्या गळ्यात पडला, पडला की नाही, काही कळलं नाही. पण आईच्या तोंडून विणकामाबद्दल अभिमानाचा शब्द निघायचा तो त्या एका मफलरबद्दलच. बाकीच्या वेळी ती विणायची तशी भांडी घासायची.

मी विणायला नकार दिला, तो या दोघींकडे पाहून. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टाके घालायला, सुलट-उलट विणायला शिकवलं होतं. हातही बरा होता. मला दुपारी पुस्तक वाचायचं असायचं. आमच्या घरी, आणि आमच्याच नव्हे, बाईचा हात रिकामा दिसला की मोठ्यांच्या पोटात दुखायचं. पुस्तक धरलेला हात रिकाम्यातच मोजला जायचा. यामागचं गणित मला फार उशिरा उलगडलं. विणणाऱ्या बाईला हाक मारता येते. तिचे हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. दूध उतू जाणं, पोर रडणं, दारात कुणी येणं, सगळं तिला ऐकू येतं आणि सुई खाली ठेवून ती उठते. वाचणाऱ्या बाईला हाक मारली तर ती आधी ऐकत नाही आणि ऐकली की तिच्या कपाळाला आठी पडते. घराला आठी नको असते. लोकरीचा गुंडा त्या काळी मुलीच्या हातात दिला जायचा त्याला कलेची आवड हे कारण असेलही, पण मला वाटतं घराची ही सोय त्याहून मोठी होती.

आणि मग रुखवत. आजच्या मुलींना रुखवत भाड्याने मिळतं, तयार सेट येतात, थर्माकोलचा बंगला आणि साखरेची बैलगाडी. आमच्या वेळी टेबलावर मांडलेली एकेक वस्तू मुलीची साक्षीदार असायची. मण्यांचं तोरण, लोकरीचा पोपट, क्रोशाचा रुमाल, रेडिओ झाकायचं पांघरूण, भरतकामातलं ‘सुस्वागतम्’ आणि या सगळ्यांच्या मधोमध पिवळ्या किंवा पांढऱ्या लोकरीचं तान्ह्या बाळाचं टोपडं, स्वेटर आणि मोजे. लग्न लागलेलं नाही, पण बाळाचे मोजे तयार. गावातल्या बायका वस्तू उचलून उलटीकडून पाहायच्या, कारण विणीची खरी लायकी उलट्या बाजूला कळते. दोऱ्याची टोकं कशी दडवली आहेत, एवढ्यावरून सासरी मुलगी कशी नांदेल याचा अंदाज बांधला जायचा.

रुखवताच्या आधी पाहण्याचा कार्यक्रम. मला पाहायला आले तेव्हा आईने आत्याने विणलेला एक कार्डिगन सहज पडल्यासारखा खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. मुलाच्या मावशीने तो उचलला, उलटा केला, अंगठ्याने बॉर्डर चाचपली आणि विचारलं, ‘पाठीला किती टाके घातलेस?’ मी म्हणाले, ‘मी नाही विणला, आत्याने विणलाय. मला येत नाही.’ आईचा चेहरा मला अजून दिसतो. ते स्थळ जुळलं नाही. कारण देण्याघेण्याचं होतं, स्वेटरचं नव्हे. पण घरात पुढची कित्येक वर्षं खापर त्या कार्डिगनवरच फुटत राहिलं.

पुढे गणिताची शिक्षिका झाले, विणकाम लांबच राहिलं. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाबद्दल एकदा वाचनात आलं. तिथं विणतात ते पुरुष. मुलगे लहान वयातच सुया हातात घेतात, आणि डोक्यावरच्या विणलेल्या टोपीवरून माणूस लग्नाचा की बिनलग्नाचा ते कळतं. मुलाने विणलेली टोपी मुलीकडचे पाणी ओतून तपासतात, पाणी गळलं तर वीण सैल, असं सांगतात. या बेटाच्या विणकामाला २००५ साली युनेस्कोने मानवतेचा वारसा म्हणून मान दिला. मला युनेस्कोचं फारसं वाटलं नाही. पाण्याचं वाचून मात्र मी एकटीच बराच वेळ हसले. एखाद्या दुपारी बिलोलीत चार मुलगे ओळीने बसलेत, समोर मुलीची मावशी तांब्या घेऊन उभी आहे.

एवढ्यावरून कुणी सुया विकत घेत नाही. मीही घेतल्या नाहीत. निवृत्ती जवळ आली तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींनी ‘आता वेळ कसा घालवणार’ अशी काळजी सुरू केली, तेव्हा तर विणकामाचं नाव काढणारीवर मी उखडायचे.

मग सचखंड एक्स्प्रेसने जालन्याला चालले होते. नांदेडहून सुटणारी ही गाडी हुजूर साहिबच्या यात्रेकरूंनी भरलेली असते. मनमाड, भोपाळ, दिल्ली, लुधियाना करत अमृतसरला जाते. समोरच्या बाकावर सत्तरीच्या पुढची एक शीख बाई विणत होती. खिडकीबाहेर बघत, बोलत, मध्येच शेंगा सोलत, आणि सुयांकडे एकदाही न बघता. राखाडी लोकर होती, जरा विटलेली. पूर्णेच्या आसपास मी तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, ‘किसी के लिए नहीं जी. हर साल हुजूर साहिब आते-जाते बुनती हूँ, घर जाकर उधेड़ देती हूँ. ऊन वही है.’

मी परत विचारलं, कारण मला वाटलं हिंदी नीट कळली नाही. बरोबर कळली होती. जाता-येता विणायचं, घरी गेल्यावर उसवायचं, पुढच्या वर्षी तीच लोकर. परभणी आली तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. विणकामावरचा माझा सगळा राग त्याच्या शेवटावर होता. त्याचं काय होणार, कोण घालणार, कोण उलटं करून बघणार. या बाईच्या विणण्याला शेवटच नव्हता. तिला विचारावं, मग विणता कशाला, तर प्रश्नच बालिश वाटला असता. ती शेंगा खात होती तसंच विणत होती.

तिच्यासारखं उसवणं मला जमणार नाही. मी गणितवाली आहे, उदाहरण सुटलं की उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय चैन पडत नाही. पण घरी येईपर्यंत एवढं ठरलं होतं की विणायचा, आणि स्वतःसाठी. मुलासाठी विणला असता तर पुण्यातल्या त्याच्या कपाटात तो आईची आठवण म्हणून पडून राहिला असता आणि मला फोटोपुरता घालून दाखवला गेला असता. नातवंडासाठी विणायला घेतला की ती माया होते आणि मायेत टाका चुकला तरी कुणी बोलत नाही, हे मला सोसवत नाही. माझा मुंढा बिघडला तर तो माझ्याच काखेत काचेल. एवढा सरळ व्यवहार मला पुरे.

मग माप. विणकामाच्या पुस्तकांत मुलांची मापं वयानुसार दिलेली असतात, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं. बायकांची मापं ३४ पासून सुरू होतात आणि ३८-४० ला दमतात. टेप घेऊन आरशासमोर उभी राहिले तर छाती ४२ इंच आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. खांद्याला वह्यांची पिशवी अडकवून काढलेली वर्षं तिथं साठली आहेत. ब्लाउजचं माप जन्मभर शिंप्याने घेतलं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कामासाठी मी प्रथमच मोजत होते. शिंप्याचं माप अंगाबरोबरचं असतं, स्वेटरला वर चार बोटं मोकळीक लागते.

आणि पदर! इंग्रजी वळणाच्या एकाही नमुन्यात पदराचा हिशेब नाही. आमच्याकडच्या बायका थंडीत साडीवर पुढून उघडा कार्डिगन घालतात. कुणी पदर आत घेते, कुणी वरून. पदर आत घेतला तर डाव्या खांद्यावर निऱ्यांचा जाड थर बसतो, त्या बाजूचा मुंढा आवळतो आणि डावी बाही मनगटापासून वर सरकते. थंडीच्या दिवसांत बिलोलीच्या बसस्टँडवर उभं राहून पाहा, साडी नेसलेल्या दर बाईच्या स्वेटरचा डावा खांदा वर चढलेला दिसेल. सगळ्याच आम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी पोशाखाचा स्वेटर घालत आलो. म्हणून माझ्या स्वेटरच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील. डावा मुंढा उजव्यापेक्षा इंचभर खोल घेणार आहे. उलटं करून बघणाऱ्या मावशीला तो दोष दिसला असता.

इथून पुढे गणित आणि गणिताचं मला सुख. सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर मोठा तशी सुई बारीक; ८ नंबरची सुई चार मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. बॉर्डर १० वर, अंग ८ वर. आधी तळहाताएवढा चौकोन विणून इंचात किती टाके बसतात ते पाहायचं. माझे साडेपाच बसले. छाती ४२, मोकळीक ४, एकूण ४६. साडेपाचने गुणले की २५३ टाके. आता गंमत बघा. हात जरा सैल पडून इंचाला साडेपाचऐवजी पाचच टाके बसले, तर याच २५३ टाक्यांचा स्वेटर साडेपन्नास इंचांवर जातो. अर्ध्या टाक्याने साडेचार इंच! वर्गात शतमान चूक शिकवताना मी कसली रटाळ उदाहरणं देत होते. इंचाला साडेसात ओळी धरल्या तर २४ इंच उंचीला १८० ओळी होतात, त्यात दोन बाह्या मिळवायच्या, मुंढे-गळ्याची घट वजा करायची, आणि एकूण आकडा साठ हजार टाक्यांच्या आसपास येतो. साठ हजार वेळा एका फासातून दुसरा फास ओढायचा. सुलट टाका पुढून ओढला, उलट मागून. मुळात दोन्ही एकच, फक्त आपण कुठल्या बाजूला बसलो आहोत एवढाच फरक. सगळा स्वेटर म्हणजे एकच लांब दोरा, कुठेही गाठ नाही, म्हणून तर ताणला जातो आणि म्हणूनच गाडीतल्या त्या बाईला दरवर्षी उसवता येतो.

लोकरीला मी लोकर म्हणते आहे खरी, पण ती अॅक्रिलिक आहे, मेंढीचा तिच्याशी संबंध नाही. आपल्याच भागातल्या मेंढीची लोकर घ्यावी असं मनात होतं. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ; घोंगडीला उत्तम, अंगाला टोचते. तिला भावही उरलेला नाही, कातरलेली लोकर पुष्कळ धनगर टाकून देतात. आणि हजारभर मैलांवरून लुधियानाचा कृत्रिम धागा नांदेडला येतो. याचा राग येतो, पण टोचणारा स्वेटर घालून तो राग दाखवण्याइतकी मी मोठी नाही. शिवाय अॅक्रिलिकला कसर लागत नाही, डांबराच्या गोळ्या वाचतात.

रंगासाठी दुकानात अर्धा तास गेला. माझ्याकडे बघून दुकानातल्या मुलाने आपणहून बदामी, राखाडी आणि फिकट निळा काढून ठेवला होता. मी धर्माबादच्या मोंढ्यातल्या वाळल्या मिरचीसारखा लाल घेतला.

सध्या पाठीची बॉर्डर संपून अंग सुरू झालं आहे. संध्याकाळी ओसरीत बसते. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

‘काय करायलीस व माय? सुनंला दिवस गेले का?’

‘नाही काकू.’

‘मग कुणाचं हाय एवढं मोठं?’

‘माझं.’

‘तुझं?’ त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं. ‘थंडी तर चालली की गं.’

चालली तर चालली. पुढच्या साली येईल. मला हाक मारली तर ऐकू येत नाही अशी घरात तक्रार सुरू झाली आहे, कारण मी टाके मोजत असते आणि मोजताना मध्येच उठले तर पहिल्यापासून मोजावे लागतात. ह्यांनी चहा स्वतः करायला घेतला आहे. साखर जास्त पडते.

एकच अडचण दिसते. लोकर रंगवताना प्रत्येक घाण्याचा रंग किंचित वेगळा उतरतो, म्हणून वेष्टनावर लॉट नंबर छापलेला असतो आणि एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची घ्यायची असते. नाहीतर उन्हात उभं राहिलं की बाही वेगळी आणि अंग वेगळं दिसतं. माझ्या हिशेबाने घेतलेली लोकर पुरायला हवी. पण डावा मुंढा खोल केला, डावी बाही जरा रुंद केली, तर शेवटी कमी पडेल असं आता दिसायला लागलंय. दुकानदाराला फोन केला. त्या लॉटचे दोन गुंडे उरलेत म्हणाला, महाशिवरात्रीपर्यंत बाजूला ठेवतो, नंतर भरवसा नाही. नांदेडला जायचं म्हणजे नरसीच्या फाट्यावर गाडी बदला, सगळा दिवस मोडा. गुरुवारी जाते.